साधने, सर्व्हर आणि डेटाबेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुकतेच नोकरीला लागलेले प्रोग्रामर आणि स्वतःचे उत्पादन चालवणारे छोटे गट यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे ही मते आहेत आणि ती दोन ते दहा माणसांचा गट डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहेत. बँकेच्या किंवा दूरसंचार कंपनीच्या पसाऱ्याला ती जशीच्या तशी लागू होणार नाहीत. सर्व उत्तरांमागे कसोटी एकच आहे : साधन बंद पडले की नेमके काय दिसते, आणि ते पुन्हा उभे करू शकणारा माणूस आपल्याकडे आहे का.

१. एडिटर, म्हणजे कोड लिहिण्याचा प्रोग्राम, कोणता वापरावा? व्हीएस कोड, व्हिम की पैसे देऊन जेटब्रेन्स?

ज्यावर हात बसला आहे तो. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केल्यापासून व्याख्येपर्यंत पोहोचणे, नाव सर्वत्र बदलणे, चुका अधोरेखित करणे ही कामे एडिटरबाहेरचा स्वतंत्र प्रोग्राम करतो आणि तोच प्रोग्राम व्हिम, ईमॅक्स व व्हीएस कोड या तिघांनाही चालतो, त्यामुळे त्यांच्यातील अंतर बरेच कमी झाले आहे. जावाचा मोठा, जुना प्रकल्प असेल तर जेटब्रेन्सचे पैसे वसूल होतात असे माझे मत आहे. सर्व्हरवरची एखादी फाईल उघडून, दुरुस्त करून, जतन करून बाहेर पडण्यापुरते व्हिम मात्र प्रत्येकाला यायला हवे.

२. गिटमध्ये मर्ज करावे की रिबेस? आमच्या गटात यावरून रोज वाद होतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले ते लिनक्स कर्नलसाठी, कारण तोवर कोडच्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी वापरात असलेल्या बिटकीपरची मोफत परवानगी काढून घेण्यात आली होती. हजारो लोक एकमेकांना न भेटता काम करतात अशा प्रकल्पासाठी केलेले ते साधन आहे, आणि चार जणांच्या गटाला त्यातील बहुतेक सोयी लागत नाहीत. नियम सोपा ठेवावा. मर्ज म्हणजे दोन ब्रांच (कामाच्या समांतर शाखा) जोडणे, आणि रिबेस म्हणजे आपले बदल दुसऱ्या ब्रांचच्या टोकावर नव्याने मांडणे. जी ब्रांच फक्त स्वतःकडे आहे तिचा इतिहास हवा तसा नीटनेटका करावा, म्हणजे रिबेस करावे. जी दुसऱ्या कोणी घेतलेली असू शकते तिचा इतिहास बदलू नये, म्हणजे मर्ज करावे. फोर्स पुश करणे, म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास आपल्याकडच्या इतिहासाने बदलणे, भागच असेल तर ‘फोर्स विथ लीज’ हा पर्याय वापरावा, कारण मध्यंतरी सहकाऱ्याने काही पुश केले असल्यास तो पुढे जाण्यास नकार देतो. या पर्यायाचे संरक्षण मात्र तुमच्या स्थानिक माहितीवर चालते. एडिटर जर दर काही मिनिटांनी आपोआप फेच करत (सर्व्हरवरचे नवे बदल आणत) असेल, तर सहकाऱ्याचे काम न पाहताच ते ‘पाहिलेले’ धरले जाते आणि नकार येत नाही.

कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहावे. काय बदलले ते डिफमध्ये (आधीच्या व नंतरच्या मजकुरातील फरकात) दिसतेच.

३. गिटमध्ये हार्ड रिसेट केले (मागच्या कमिटवर परत जाऊन मधले बदल पुसले) आणि दोन दिवसांचे काम गेले. परत मिळेल का?

कमिट केले असेल तर जवळजवळ नक्की मिळेल. रीफ्लॉगमध्ये हेड (तुम्ही सध्या ज्या कमिटवर आहात त्याची खूण) कोठे कोठे होता याची नोंद असते आणि कोणत्याही ब्रांचवरून न पोहोचता येणाऱ्या नोंदी मूळ सेटिंगनुसार तीस दिवस राहतात. तेथून जुन्या कमिटचा क्रमांक घेऊन नवी ब्रांच काढावी. कमिट केले नव्हते पण ‘ॲड’ केले होते (पुढच्या कमिटसाठी निवडले होते), तर फाईलचा मजकूर गिटच्या पोटात सुटा पडलेला असतो आणि ‘फ्सक’ या आज्ञेने तो शोधता येतो, मात्र फाईलचे नाव मिळत नाही. ॲडही केले नव्हते तर गिटला त्या कामाची माहितीच नाही. अशा वेळी एडिटरचा स्थानिक इतिहास पाहावा. रीफ्लॉग फक्त त्या एका संगणकावर असतो, त्यामुळे नव्याने क्लोन करून तो सापडणार नाही.

४. नव्या प्रकल्पासाठी डेटाबेस कोणता?

पोस्टग्रेस. दुसरे काही निवडण्याचे ठोस कारण हाती येईपर्यंत हेच उत्तर राहील. बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेल्या प्रकल्पातून तो आला आहे, १९९६ पासून सध्याच्या नावाने चालतो आहे, कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. ‘आमचा डेटा ठरावीक रचनेत बसत नाही, म्हणून मोंगो (ठरावीक रचना न मागणारा डेटाबेस) घेतो’ असे अनेक जण लिहितात. २०१४ च्या ९.४ या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये जेसनबी (रचना आधी न ठरवता डेटा साठवण्याचा प्रकार) आहे आणि त्यावर इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) करता येतो. शिवाय रचना नसलेला म्हणून साठवलेला डेटा सहा महिन्यांत रचना मागू लागतो हा सार्वत्रिक अनुभव आहे. मग ती रचना कोडमध्ये विखुरलेल्या अटींच्या रूपाने राहते आणि ती कोणालाच एका जागी वाचता येत नाही.

पोस्टग्रेसचे दोष आधीच माहीत असावेत. प्रत्येक कनेक्शनसाठी तो स्वतंत्र प्रोसेस उघडतो आणि मूळ मर्यादा शंभर कनेक्शनची आहे, त्यामुळे ॲपच्या अनेक प्रती चालवायच्या झाल्यास मध्ये मोजकी कनेक्शने वाटून वापरणारा पीजीबाउन्सरसारखा मध्यस्थ लागतो. एका मोठ्या आवृत्तीची डेटा डिरेक्टरी पुढच्या आवृत्तीला थेट चालत नाही, म्हणून आवृत्ती बदलणे हे ठरवून करायचे काम आहे. हे दोष कंटाळवाणे आहेत, पण त्यांची लक्षणे आणि उपाय दोन्ही लोकांना पाठ आहेत, आणि रात्री दोन वाजता त्याचाच उपयोग होतो. मायएसक्यूएल येत असेल आणि चालत असेल तर केवळ या उत्तरापायी ते बदलू नये.

५. एसक्यूएलाइट खऱ्या वापरात चालते का, की ते फक्त शिकण्यापुरते आहे?

चालते. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये आहे. २०१० पासून त्यात वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहिणे) आहे, तिच्यात वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणारा मात्र एका वेळी एकच असतो. एकाच सर्व्हरवर चालणारी, लिहिण्यापेक्षा वाचण्याचे काम अधिक असलेली संस्थेची किंवा दुकानाची प्रणाली यावर निर्धास्त चालते. दोन बंधने आहेत. फाईल नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवू नये, कारण तेथील लॉकिंगवर (एकाच वेळी दोघांनी लिहू नये यासाठीच्या कुलपावर) विश्वास ठेवता येत नाही. आणि चालू डेटाबेसची फाईल नुसती कॉपी करून तिला बॅकअप म्हणू नये, कारण ताजे बदल शेजारच्या वॉल फाईलमध्ये असू शकतात; त्यासाठी त्याची स्वतःची बॅकअप आज्ञा आहे.

६. पार्श्वभूमीला चालणाऱ्या कामांच्या रांगेसाठी रेडिस किंवा काफ्कासारखे वेगळे साधन लागतेच ना?

ईमेल पाठवणे, पीडीएफ तयार करणे, एसएमएस सोडणे एवढेच असेल तर लागत नाही. पोस्टग्रेसच्या ९.५ या आवृत्तीपासून ‘स्किप लॉक्ड’ आहे, ज्यामुळे अनेक वर्कर (कामे उचलून पार पाडणारे प्रोग्राम) एकाच टेबलमधून एकमेकांच्या पायात न येता कामे उचलू शकतात. मोठा फायदा असा की ऑर्डरची नोंद आणि ‘ऑर्डरचा ईमेल पाठवा’ हे काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होईल किंवा काहीच नाही अशा गटात) लिहिले जाते. ऑर्डर झाली पण ईमेलचे काम हरवले, किंवा ऑर्डर रद्द झाली तरी ईमेल गेला, असे घडत नाही. सेकंदाला हजारो कामे येऊ लागली की मग वेगळ्या साधनाचा विचार करावा. रेडिसच्या लायसन्सविषयी प्रश्न १२ पाहावा.

७. टेबलमध्ये एक कॉलम वाढवला आणि सगळी साईट थांबली. टेबल तर लहानच होते!

टेबलच्या आकाराचा येथे संबंध नाही. कॉलम वाढवण्यासाठी पोस्टग्रेसला त्या टेबलवर सर्वांत कडक लॉक लागतो. आवृत्ती ११ पासून स्थिर मूळ मूल्य असलेला कॉलम वाढवताना टेबल नव्याने लिहिले जात नाही, त्यामुळे काम क्षणार्धाचे असते. परंतु तो क्षणभराचा लॉक मिळण्यासाठी त्या टेबलवर आधीपासून चालू असलेली प्रत्येक क्वेरी संपावी लागते. कोणीतरी सकाळपासून उघडा ठेवलेला अहवाल चालू असेल तर तुमचे मायग्रेशन (टेबलच्या रचनेतील बदल) त्याच्यामागे उभे राहते, आणि तुमच्यामागे आलेल्या साध्या वाचण्याच्या क्वेरीदेखील तुमच्यामागेच उभ्या राहतात. उपाय म्हणजे मायग्रेशनच्या सुरुवातीला लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांचा ठेवावा, लॉक न मिळाल्यास मायग्रेशन पडू द्यावे आणि थोड्या वेळाने पुन्हा करावे. इंडेक्स करताना इतरांचे लिहिणे अडू नये म्हणून ‘कन्करन्टली’ हा शब्द विसरू नये. त्यात मध्येच चूक झाली तर अर्धवट, अवैध इंडेक्स मागे राहतो आणि तो हाताने काढावा लागतो.

८. डॉकर शिकावे का? आणि कुबरनेटीस?

डॉकर शिकावे. ‘माझ्या संगणकावर चालते’ हा वाद त्याने, ॲप आणि त्याला लागणारे सगळे एका गठ्ठ्यात बांधून, बऱ्याच अंशी मिटवला आहे. लिनक्सवरचे डॉकर इंजिन मुक्त आहे. परंतु २५० पेक्षा अधिक कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपनीला डॉकर डेस्कटॉपसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या अटींनुसार पैसे द्यावे लागतात, हे मोठ्या ग्राहकाच्या कार्यालयात बसून काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

कुबरनेटीस (असे गठ्ठे अनेक यंत्रांवर वाटून चालवणारे साधन) शिकण्यास हरकत नाही, चालवण्यास आहे. गूगलने २०१४ मध्ये ते खुले केले, त्यामागे हजारो यंत्रांवर कामे वाटण्याचा त्यांचा अनुभव होता. तुमच्याकडे तीन सर्व्हर असतील तर वाटण्यासारखे फारसे नाही. उलट ईटीसीडी (त्याचा स्वतःचा डेटाबेस), इनग्रेस (बाहेरून आत येण्याची वाट), सर्टिफिकेटे, नेटवर्कचा अदृश्य थर आणि शेकडो ओळींचे यामल (सेटिंगच्या फाईली) एवढे नवे सांभाळावे लागते. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला जेमतेम चौदा महिने आधार मिळतो, म्हणजे काही न करता स्वस्थ बसण्याची सोय नाही. ज्या गटात हे काम पूर्ण वेळ पाहणारा एक तरी माणूस आहे आणि तो रजेवर असताना दुसरा आहे, त्यांनी ते खुशाल घ्यावे. इतरांना सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम), डॉकर कंपोझ (एका यंत्रावर डॉकरचे अनेक गठ्ठे एकत्र चालवणारे साधन) आणि डिप्लॉयची वीस ओळींची स्क्रिप्ट बराच काळ पुरते.

९. क्लाऊड घ्यावे की महिन्याच्या ठरलेल्या भाड्याचा साधा सर्व्हर?

वापराचा अंदाज बांधता येत असेल तर साधा सर्व्हर, आणि डेटाबेस सांभाळणारे कोणी नसेल तर क्लाऊडवरचा तयार डेटाबेस. बिल वाढते ते बहुधा सर्व्हरमुळे नव्हे, तर बाहेर जाणाऱ्या डेटामुळे, नॅट गेटवेमुळे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर नेणाऱ्या वाटेमुळे) आणि कोणीतरी चाचणीसाठी सुरू करून विसरलेल्या डिस्कांमुळे. पहिल्याच दिवशी बिलाचा इशारा लावावा; तो खर्च थांबवत नाही, फक्त कळवतो, हेही ध्यानात असू द्यावे.

ग्राहक महाराष्ट्रातील असतील तर डेटासेंटर जवळचे निवडावे. ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादमध्ये २०२२ पासून आहे, गूगलचे मुंबई आणि दिल्लीत आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या अझुरमध्ये ‘सेंट्रल इंडिया’ या नावाने जे दिसते ते प्रत्यक्षात पुण्यात आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एकदा जाऊन येण्यास दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात; एका पानासाठी अशा पाच फेऱ्या एकामागून एक होत असतील तर सेकंद तेथेच संपतो आणि कोडमधील कोणतीही सुधारणा तो परत आणू शकत नाही.

१०. रोज रात्री बॅकअप होतो. पुरेसे आहे का?

तो परत चढवून पाहिला आहे का, एवढाच माझा उलटा प्रश्न असतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी काढून टाकली, आणि सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपास उरले. पुढचा भाग अधिक बोलका आहे. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची फाईलमध्ये उतरवलेली प्रत, पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्तीच्या साधनाने घेतला जात असल्याने मुकाट्याने अपयशी ठरत होता, आणि अपयश कळवणारे ईमेल ईमेलच्या प्रमाणीकरणातील त्रुटीमुळे पोहोचतच नव्हते. कोणीतरी चाचणीसाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत होती, म्हणून बाकीचे वाचले. हे सारे त्यांनी स्वतःच खुलेपणाने लिहून प्रसिद्ध केले आणि त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

म्हणून दर महिन्याला, शक्य असल्यास आपोआप, बॅकअप एका रिकाम्या सर्व्हरवर चढवावा, एखाद्या मोठ्या टेबलमधील ओळी मोजाव्यात, शेवटच्या नोंदीची तारीख पाहावी आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. निदान एक प्रत अशा खात्यात असावी जेथून मुख्य सर्व्हरची चावी काहीही पुसू शकत नाही. रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसचे बदल सतत घेत राहणारी प्रत, हा बॅकअप नव्हे. चुकीची डिलीट तेथेही क्षणात पोहोचते.

एक अपवाद फारसा कोणाला माहीत नसतो. डेटा डिरेक्टरीची थेट प्रत नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चढवली आणि दोन्हीकडची ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) वेगळी असली, तर अक्षरांचा क्रम बदललेला असू शकतो आणि मजकुरावरचे इंडेक्स चुकीची उत्तरे देऊ लागतात. २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. असे स्थलांतर केल्यास ते इंडेक्स पुन्हा बांधावेत. डंपमधून चढवल्यास ही अडचण येत नाही, कारण इंडेक्स नव्यानेच बनतात.

११. इतरांनी लिहिलेली लायब्ररी वापरावी की स्वतः लिहावे?

क्रिप्टोग्राफी, तारखा आणि पीडीएफ स्वतः लिहू नये. दहा ओळींचे काम मात्र स्वतः लिहावे. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड हे अकरा ओळींचे पॅकेज लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारावरून काढले आणि जगभरातील बिल्ड पडले. ते निदान लगेच दिसले तरी. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाईल आकाराने लहान करणाऱ्या लायब्ररीत दडवलेला चोरदरवाजा सापडला तो पोस्टग्रेसचे एक विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांना, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरण्याची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा त्यांनी माग काढला म्हणून. ज्याने तो घातला त्याने बराच काळ चांगले काम करून मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. यावर छोट्या गटाच्या हाती असलेले उपाय मोजके आहेत : लॉकफाईल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये ठेवणे, नवी आवृत्ती आली त्याच दिवशी न घेणे (सुरक्षेची दुरुस्ती हा अपवाद), आणि न वापरलेल्या लायब्ररी वर्षातून एकदा काढून टाकणे.

१२. वापरात असलेल्या साधनाचे लायसन्स बदलले तर काय करायचे?

लगेच काही नाही. रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले मोकळे लायसन्स सोडले, तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली वाल्की हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला स्वतंत्र प्रकल्प) निघाला. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या मुक्त लायसन्सचा पर्याय देऊन ते पुन्हा मोकळे केले. टेराफॉर्म या सर्व्हरची मांडणी कोडमधून करणाऱ्या साधनानेही ऑगस्ट २०२३ मध्ये मोकळे लायसन्स सोडले आणि ओपनटोफू हा फोर्क जन्मला. या बदलांचा रोख मुख्यतः तीच सेवा विकणाऱ्या स्पर्धकांवर होता. स्वतःच्या ॲपमागे ते चालवणाऱ्याचे काम एका रात्रीत बेकायदा झाले नाही. सेंटओएस ८ या लिनक्सचे प्रकरण अधिक त्रासाचे होते : २०२९ पर्यंत अपेक्षित असलेला आधार २०२१ च्या अखेरीस संपेल असे डिसेंबर २०२० मध्ये सांगण्यात आले, आणि लोकांना वर्षभरात अल्मा किंवा रॉकी या दुसऱ्या लिनक्सकडे जावे लागले. मालकी एकाच कंपनीकडे असेल तर असा दिवस येऊ शकतो, हे गृहीत धरून निवड करावी.

१३. फायरवॉलमध्ये पोर्ट बंद आहे, तरी डेटाबेस बाहेरून दिसतो. कसे शक्य आहे?

डेटाबेस डॉकरमध्ये चालत असेल तर शक्य आहे. डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत) लिहितो आणि ते यूएफडब्ल्यू या फायरवॉल लावण्याच्या सोप्या साधनाच्या नियमांना वळसा घालतात. यूएफडब्ल्यू मात्र पोर्ट बंद असल्याचेच सांगत राहतो. कंपोझ फाईलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहावे, म्हणजे तो फक्त त्याच यंत्रावरून पोहोचता येईल. ॲप आणि डेटाबेस एकाच डॉकर नेटवर्कवर असतील तर पोर्ट उघडण्याची मुळात गरजच नाही.

१४. मराठी मजकूर नीट साठतो, नीट दिसतो, पण शोधल्यावर सापडत नाही.

डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरे युनिकोडमध्ये वेगळी असतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो : नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घेऊन. ‘ॲप’ मधील ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून येते किंवा अ वर चंद्र देऊनही येते. नेहमीचे एनएफसी नॉर्मलायझेशन (समान अक्षरे एका रूपात आणण्याची युनिकोडची पद्धत) या जोड्या एक करत नाही, म्हणून साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे आपणच एक रूप ठरवून बदल करावा. अदृश्य चिन्हे सरसकट पुसू नयेत. त्यामुळे ऱ्य चा र्य होतो आणि लोकांच्या नावांची वाट लागते. मूळ मजकूर तसाच ठेवून शोधासाठी वेगळा कॉलम करणे सर्वांत बरे.

लांबीच्या मर्यादेतही हाच घोळ आहे. ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर, युनिकोडला चार चिन्हे आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. जुन्या मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपर्यंतच जातो. देवनागरी त्यात बसते म्हणून चूक लक्षात येत नाही, आणि एखाद्या ग्राहकाने अभिप्रायात इमोजी टाकला की नोंद साठवणे फसते.

१५. लॉग, म्हणजे यंत्रांच्या कामाच्या नोंदी, किती दिवस ठेवावेत?

भारतात सेवा चालवणाऱ्यांसाठी हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळलेली असावीत असेही त्यात आहे. पासवर्ड, ओटीपी आणि आधार क्रमांक लॉगमध्ये जाऊ देऊ नयेत. १८० दिवसांची जबाबदारी त्यांचीही होऊन बसते.

१६. वेळ नेहमी यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) साठवावी ना?

घडून गेलेल्या गोष्टींसाठी होय. दाखवताना भारतीय वेळ करावी, आणि ‘दिवसाचा’ अहवाल काढताना दिवस कोणता हे ठरवावे. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरची विक्री आदल्या दिवशी जमा झालेली दिसते. ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉनही सर्व्हरच्या टाइमझोनवर चालतो, तुमच्या नाही.

पुढे घडायच्या गोष्टींसाठी नाही. कैरोतील ग्राहकाची पुढील वर्षीची सकाळी दहाची भेट यूटीसीमध्ये साठवली आणि तेथील सरकारने मध्येच उन्हाळी वेळ लागू केली, जशी इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा केली, तर भेट तासाने चुकते. अशा ठिकाणी स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे नाव दोन्ही साठवावे. भारताला उन्हाळी वेळ नाही म्हणून साडेपाच तास कोडमध्ये थेट मिळवले तर चालेल का, असे विचारणाऱ्यांत पत्रिका काढणारे सॉफ्टवेअर लिहिणारेही असतात. त्यांच्यापुरते तरी ते चालत नाही : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांतील बहुतांश काळ, भारतीय घड्याळे एक तास पुढे होती, आणि ‘एशिया/कोलकाता’ हा झोन वापरल्यास तो तास आपोआप धरला जातो.